अकरा पोथ्या आणि एक अर्धा अध्याय

टण्ण!

तूरडाळीतला खडा स्टीलच्या वाटीत पडला आणि दुपारच्या शांततेला तडा गेला. तीन बायका मांडीवर सुपं घेऊन बसल्या होत्या. बोलायचं सगळं बोलून झालं होतं, नुसती बोटं चालू होती. मी भिंतीतल्या देवळीत, छातीवर लाल कापडात बांधलेली पोथी घेऊन उभी होते. पंधरा वर्षांत त्या कापडाची गाठ कोणी सोडली नव्हती.

मी एक जुनी रेहल आहे. पोथी उघडून ठेवायला फुलीच्या आकाराची, घडी होणारी लाकडी बैठक असते, ती मी. कोणी मला व्यासपीठ म्हणतं. लातुरातली जुनी माणसं रेहलच म्हणतात. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूनं आपली कहाणी हळव्या आवाजात सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. पण मी हळवी झालेली नाही. मी रागावले आहे, आणि का रागावले ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

उदगीरच्या एका सुतारानं मला सागाच्या एकाच फळीतून काढलं. फळी दोन्ही टोकांकडून जाडीत चिरत आणली, मधोमध पटाशीनं बोटं कोरली आणि शेवटचा ठोका घातला. तशी मी कर्र्र करत उघडले. माझ्यात एक खिळा नाही, एक स्क्रू नाही. माझे दोन पाट एकमेकांत बोटं गुंतवून उभे असतात. सुतारानं मला फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "हिच्यावर वाचा, मान दुखायची न्हाई." माझ्याबद्दल आजवर कोणी बोललेलं सगळ्यात खरं वाक्य तेच.

लातुरात माणिकप्पांचं डाळीचं दुकान आहे. त्यांनी मला आणलं तेव्हा ते तरुण होते, आवाज खणखणीत होता. श्रावणात पोथी लागायची तेव्हा गल्ली जमायची. नंतर त्यांचा घसा बसू लागला, मग मोबाइल आला, मग पोथी मोबाइलवरच लागू लागली. मला दर सोमवारी तीन बोटं विभूती मिळायची. लोकांना वाटतं, पूजा केली म्हणजे मान दिला. अहो, हात जोडायचे आणि उघडायचं मात्र नाही, हा कसला मान? पंधरा वर्षं मी हेच मनात म्हणत होते, पण लाकडाला तोंड नसतं.

माणिकप्पांची सून दामिनी हिमायतनगरची. तिला वाचायचं वेड. पण घरात वाचायला वेळ कुठला? कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दोन पानं, रुद्राणी झोपली की चार पानं. रुद्राणी तिची मुलगी, तिला तेव्हा पाचवं लागलं होतं आणि तिची झोप म्हणजे कोंबडीची झोप, जरा खुट्ट झालं की जाग. दामिनी पिठाच्या डब्यावर पुस्तक टेकवून उभ्याउभ्या वाचायची. दुपारी तर हात सुपात अडकलेले, कारण माणिकप्पांच्या दुकानात डाळ मिलमधून मशीननं साफ होऊन आली तरी घरी हातानं निवडल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायची नाही, असा नेम.

त्या दिवशी तो खडा वाटीत पडला आणि तिनं वर पाहिलं. थेट माझ्याकडे.

"अव्वा, ही रेहल घेऊ का? पुस्तक समोर राहील, हात मोकळे राहतील."

अव्वा म्हणजे तिच्या सासूबाई, सिद्धम्मा. त्या म्हणाल्या, "पोथी वाचतीस? घे की मग. इचारायचं काय त्यात."

पोथी नाही, हे दामिनीनं सांगितलं नाही. तिनं लाल कापडातली पोथी उचलून देवळीत नीट ठेवली, मला खाली चटईवर उघडलं आणि वाचनालयातून आणलेलं, काळ्या कापडाच्या बांधणीचं पुस्तक माझ्यावर ठेवलं. तिसरी बाई म्हणजे सुमनबाई. गल्लीच्या टोकाला राहतात, डाळ निवडायला येतात, घरी दोन शेळ्या आणि त्या एकट्या. त्या लगबगीनं उठल्या, हात धुऊन आल्या, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून बसल्या.

आणि दामिनीनं पहिलं वाक्य वाचलं. एका वकिलाच्या दुधात कोणीतरी विष घातलं होतं.

सुमनबाईंनी एक डोळा उघडला. "कोणत्या देवाचं हाय वं हे?"

"ऐका तर मावशी."

त्यांनी ऐकलं. चार दिवस ऐकलं. "सैपाक्यानंच केलं, मी सांगते," असं रोज म्हणत राहिल्या. निघाला धाकटा भाऊ. सुमनबाई इतक्या चिडल्या की दोन दिवस सैपाक्याची बाजू घेऊन भांडत होत्या. तरी शेवटचं पान मिटल्यावर म्हणाल्या, "समाप्ती झाली. नारळ फोडा." अव्वांनी खरंच नारळ फोडला. संध्याकाळी माणिकप्पांनी खोबरं खाल्लं आणि प्रसाद कशाचा, हेही विचारलं नाही.

मित्रांनो, तेव्हापासून आमच्या घरात एक नियम होऊन बसला. रेहलीवर चढलं ते पोथीच. आणि लावलेली पोथी अर्धी सोडायची नाही. अर्धी सोडली की बाधा होते, असं सुमनबाईंचं म्हणणं. कळो न कळो, आवडो न आवडो, समाप्ती व्हायलाच पाहिजे. मी आतल्या आत खदखदून हसले होते. पण खरं सांगते, त्या भाबड्या नियमानंच त्या वर्षभरात या बायकांना कुठल्या कुठं फिरवून आणलं.

कवितांचं पुस्तक आलं तेव्हा दामिनीला वाटलं, कंटाळतील. चौथ्या ओळीला अव्वांनी हात वर केला. "परत म्हण." पुन्हा म्हटली. "अजून एकदा." त्या दुपारी डाळ तशीच राहिली आणि दोन दिवसांनी एक गिऱ्हाईक खडे घेऊन दुकानात भांडायला आलं. ऐन उन्हाळ्यात, नळाला आठ दिवस पाणी नसताना, बर्फाच्या समुद्रावरच्या प्रवासाचं पुस्तक लागलं, आणि सुमनबाई पदर खांद्याभोवती ओढून बसल्या. भुताच्या गोष्टी लागल्या तेव्हा भर दुपारी चार वाजता त्यांना घरापर्यंत पोचवायला जावं लागलं. नाटक लागलं तेव्हा अव्वांना राजा व्हायचं होतं. त्यांना अक्षर येत नाही. दामिनी कानात सांगायची आणि अव्वा सूप ढालीसारखं धरून गर्जायच्या. रुद्राणीच्या हट्टानं एक सशाचं चित्रांचं पुस्तकही माझ्यावर चढलं. तेवीस पानांचं. त्यालाही कुंकू लागलं, समाप्तीला साखर वाटली.

खडी फोडणाऱ्या एका बाईनं लिहिलेलं आत्मचरित्र लागलं, तेव्हा मात्र सहा दिवस कोणी चेष्टा केली नाही. शेवटी सुमनबाई म्हणाल्या, "हे तर माझंच हाय. हिला कुणी सांगितलं?"

आणि शेळ्या! त्या वेळी वाचनालयात जायला दामिनीला जमलं नाही. नवऱ्याला, संगमेशला, ती म्हणाली, काहीही आणा. त्यानं शेळ्यांच्या रोगांचं पुस्तक आणलं. उघडून बघेपर्यंत सुमनबाईंनी कुंकू लावून टाकलं होतं. झालं, आता सोडता येईना. अकरा दिवस आम्ही शेळ्यांचे खूर, शेळ्यांची आतडी आणि शेळ्यांची कास वाचत होतो. कासेचा अध्याय चालू असताना माणिकप्पा जेवून दुकानाला निघाले होते. ते दारातच थांबले. म्हणाले, "बरोबर लिहिलंय. कास दाबून बघायची. घट्ट लागली, गाठ लागली की थांबायचं न्हाई, डॉक्टर आणायचा." सुमनबाईंनी त्याच संध्याकाळी आपल्या शेळीची कास दाबून पाहिली. गाठ लागली. जनावरांचा डॉक्टर आला, शेळी बरी झाली, दूध पुन्हा सुरू झालं. माणिकप्पांनी गल्लीभर सांगितलं, आमच्या सुनेच्या वाचनानं शेळी वाचली.

हे लक्षात ठेवा. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

अशा अकरा समाप्त्या झाल्या. माझ्या पाटांवर हळदीचे, दुधाचे, रुद्राणीच्या बोटांचे डाग पडले. इतकी घाण आणि इतकी सुखी मी कधीच नव्हते.

माघात बारावं पुस्तक आलं. एका डॉक्टरीण बाईंनी बायकांसाठी लिहिलेलं, बाईच्या शरीराचं. दामिनीनं ते आधीच एकटीनं, शिट्ट्या मोजत, पूर्ण वाचून काढलं होतं. हे मोठ्यानं वाचावं की नाही यावर तिनं दोन दिवस विचार केला, आणि मग धीर करून माझ्यावर ठेवलं. सुमनबाईंनी नेहमीसारखं कुंकू वाहिलं. पाळीचा अध्याय झाला, बाळंतपणाचा झाला. अव्वा म्हणाल्या, "हे मला सोळाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर!"

मग छातीचा अध्याय लागला. आपल्याच हातानं आपलं अंग कसं तपासायचं, ते दामिनी वाचत होती. तिची नजर ओळीवर, अव्वांची सुपात. माझी मात्र समोर बसलेल्या सुमनबाईंवर. त्यांचा उजवा हात डाळीतून निघाला, पदराखाली डावीकडं गेला आणि तिथंच थांबला.

"तेवढं परत वाच गं पोरी."

दामिनीनं परत वाचलं. सुमनबाईंचं तोंड उतरलं. "मंग? गाठ लागली तर काय करायचं म्हणते ती?"

दामिनी पान उलटणार, इतक्यात गल्लीत आरडाओरडा झाला. "नळ आले! नळ आले!" नवव्या दिवशी पाणी आलं होतं. लातुरात पाणी आल्यावर कोणी पोथीजवळ बसत नाही. सुपं तिथंच टाकून तिघी धावल्या. जाताना सुमनबाईंनी त्या पानात खूण म्हणून बेलाचं पान ठेवलं. "उद्या हितूनच," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आडत बाजार बंद होता. माणिकप्पा दुपारीच घरी आले, सोबत उदगीरचे एक व्यापारी पाहुणे. तिघी चटईवर बसल्या होत्या आणि दामिनीनं बेलाचं पान काढून पुस्तक उघडलं होतं. माझ्या उजव्या पाटावर चित्र होतं. साध्या रेषांचं, बाईच्या छातीचं, कुठं कुठं बोटं ठेवायची ते दाखवणारं.

"सूनबाई, काय हाय हे?"

"आप्पा, डॉक्टरीण बाईंचं पुस्तक आहे."

"मी इचारलं, रेहलीवर काय हाय हे?"

पाहुणे हसले. "असू द्या हो माणिकप्पा. नवा जमाना हाय."

त्या हसण्यानं माणिकप्पा पेटले. "पोथीच्या जागी बाईच्या उघड्या अंगाचं चित्र? लेकरू हाय घरात. उंबऱ्यात पाहुणा हाय."

अव्वा घाबरत म्हणाल्या, "अध्याय तेवढा पुरा होऊ द्या की. अर्धा सोडू नये."

"ह्याला अध्याय म्हणतीस?" त्यांनी पुस्तक फटकन मिटलं. मला वाटलं, माझ्याच थोबाडीत मारली.

शेळीची कास चालली होती, आप्पा! तिथं तर तुम्ही दारात उभं राहून शिकवलं होतं, गाठ लागली की थांबायचं नाही म्हणून. त्याच चटईवर, त्याच माझ्यावर. शेळीचं अंग तुम्हाला जीव वाटलं आणि बाईचं अंग तुम्हाला घाण वाटलं?

मी हे ओरडून सांगत होते. कोणालाच ऐकू गेलं नाही.

त्याच संध्याकाळी संगमेशनं पुस्तक परत करून टाकलं. डाळ निवडणं दुकानामागच्या खोलीत हलवलं. माणिकप्पांनी मला स्वतःच्या हातानं पुसलं, तेल लावलं, विभूती लावली आणि पुढच्या खोलीतल्या शोकेसमध्ये ठेवलं, व्यापारी संघाच्या ढालीशेजारी, प्लास्टिकच्या गुलाबांजवळ. काचेला कुलूप लावताना म्हणाले, "जुनी वस्तू हाय. जपायला पाहिजे." त्यांच्या आवाजात खरंच माया होती. म्हणून तर मला आणखी चीड येते. येणारे-जाणारे म्हणायचे, काय कोरीव काम आहे! आणि मी काचेआड डाळ, कुंकू, खडा यांच्याशिवाय वाळत राहिले.

आठ-दहा दिवसांनी सुमनबाई दारात आल्या. आत आल्या नाहीत. माणिकप्पा खुर्चीत पेपर वाचत होते. दामिनी रुद्राणीला कडेवर घेऊन दाराशी गेली.

"पोरी, त्या पोथीत पुढं काय व्हतं वं?"

"कोणत्या, मावशी?"

"ती शेवटची. अर्धी ऱ्हायलेली. मनाला लागून ऱ्हायलंय माझ्या."

पेपरचं पान उलटायचं थांबलं. दामिनीनं एकदा मागं पाहिलं. तिनं सुमनबाईंच्या तोंडाकडं पाहिलं असतं, तर तिला कळलं असतं. तिनं पेपराकडं पाहिलं.

"नंतर निवांत सांगते, मावशी."

"हाव. सांग मंग." सुमनबाई पायरीवर थोडा वेळ थांबल्या. मग पदर सारखा करून गेल्या.

ते 'नंतर' कधी आलंच नाही. घरात पाहुणे, पापड, रुद्राणीचा गोवर, दुकानाची गडबड. सुमनबाई मागच्या खोलीत डाळ निवडायच्या, दामिनी घरात. मग सुमनबाई यायच्याच बंद झाल्या.

ज्येष्ठात फोन वाजला. सुमनबाईंची मुलगी उज्ज्वला, उमरीला दिलेली. दामिनीचे हात पिठाचे होते, म्हणून तिनं स्पीकर लावला. पुढच्या खोलीत सगळ्यांनी ऐकलं, मीसुद्धा.

"वैनी, आईला नांदेडला दवाखान्यात ठेवलंय. छातीत गाठ हाय. लई वाढलीय. डॉक्टर म्हणले, चार महिने आधी आणलं असतं तर सोपं व्हतं. आता बघू म्हणतेत." उज्ज्वला रडत नव्हती, नुसती बोलत सुटली होती. "मी म्हणलं, आई, सांगितलं कामून न्हाई? तर म्हणती, अर्धी पोथी सोडली म्हणून बाधा झालीय मला. चार महिने उपास करून राहिली व्हती. सोमवार धरले, दिवे लावले. गाठीला अंगारा लावत बसली. दवाखान्याचं नावच काढलं न्हाई."

मित्रांनो, आता तरी कळला का माझा राग? माणिकप्पांवर आहे, हो. त्या हसणाऱ्या पाहुण्यावर आहे. पण तुमच्यावरही आहे. जे पुस्तकाला कुंकू लावता आणि उघडत नाही, त्यांच्यावर. कोणतं पुस्तक पवित्र आणि कोणतं घाण हे न वाचता ठरवणाऱ्यांवर. वर्षभर भूत चाललं, खून चालला, ससा चालला, शेळी चालली. फक्त बाईच्या जिवाचं चार ओळींचं पान चाललं नाही. तुम्ही मला वाळवीपासून जपलंत, धुळीपासून जपलंत. मला नका जपू. मला चटईवर टाका, डाग पडू द्या, पाय मोडला तर मोडू द्या. पण माझ्यावर उघडलेलं पान मिटू नका. कोणाचा तरी हात त्या पानाशी थांबलेला असतो, आणि तो तुम्हाला दिसत नसतो.

फोन ठेवल्यावर अव्वा उठल्या. माणिकप्पांच्या खिशातली किल्ली काढून घेतली. चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या खिशात न विचारता हात घातल्याचं मला आठवत नाही. माणिकप्पा मान खाली घालून बसले होते, त्यांनी हात अडवला नाही.

"जा," अव्वा सुनेला म्हणाल्या. "ते पुस्तक घिऊन ये. अर्धं ठिवायचं न्हाई ह्या घरात. उद्या नांदेडला जाऊ, सुमनपाशी बसून बाकीचं वाचू. आधी मला ऐकू दे, काय व्हतं त्यात."

दामिनी गेली, धापा टाकत परत आली. मला चटईवर उघडलं. डाळ नव्हती, सुपं नव्हती. अव्वा, रुद्राणी, आणि खुर्चीत माणिकप्पा. दामिनीनं ते पान काढलं आणि वाचलं:

"हाताला गाठ लागली तर घाबरू नका, पण वाटही पाहू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. वेळेवर कळलं तर बहुतेक बायका बऱ्या होतात."

चार ओळी. नळ दोन मिनिटं उशिरा आले असते, तरी वाचून झाल्या असत्या.

रुद्राणी माझ्या पाटावर हनुवटी टेकून आईकडं बघत होती.

"आई, हे पान तुला आधीपासून माहीत व्हतं?"

"हो गं."

"मग सुमनआजी दारात आली तवा तू सांगितलं कामून न्हाई?"